कागद अडकला? आधी रिम बघा, मग मशीन

झेरॉक्स मशीनमध्ये अक्षरं छापणं हे तसं सोपं काम. प्रकाश, स्थिर विद्युत आणि काळी पावडर यांच्या जोरावर ते कसं करायचं, हे चेस्टर कार्लसन यांनी १९३८ सालीच दाखवून दिलं होतं. खरी कसोटी असते ती ट्रेमधल्या चळतीतून एक आणि एकच कागद उचलून तो ठरल्या वेळी पुढे देण्याची. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या मशीनमध्ये कागद आत अडकून तापायचा, क्वचित पेटही घ्यायचा. म्हणून कंपनी मशीनबरोबर एक लहान अग्निशामक द्यायची आणि त्याला ‘स्कॉर्च एलिमिनेटर’ असं गोंडस नाव होतं. आजच्या मशीनमध्ये कागद पेटत नाही. अडकायचा मात्र अजून थांबलेला नाही.

गोव्यात ही तक्रार पावसाळ्यात जोर धरते. कॉलेजचे प्रवेश, उत्पन्नाचे आणि रहिवासी दाखले, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सगळ्यांच्या प्रतींची घाई नेमकी जून-जुलैत, आणि मशीन दर दहा-वीस प्रतींनंतर थांबून दार उघडायला सांगतं. डिचोलीतलं दुकान असो की पणजीतल्या वकिलाचं ऑफिस, मेकॅनिकला फोन जातो. जाणता मेकॅनिक आला की मशीन उघडण्याआधी ट्रेमधला कागद हातात घेऊन बघतो. तो काय बघतो हे समजून घेतलं तर निम्मे फोन वाचतील.

एकच कागद कसा निघतो

बँकेतला कॅशियर नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजला लावतो. वरची नोट बोटाबरोबर सरकते, खालच्या नोटा त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरलेल्या असतात. मशीनचीही रीत हीच. ट्रेच्या तोंडाशी वरच्या बाजूला रबरी पिकअप रोलर असतो. तो फिरला की वरचा कागद पुढे येतो. त्याच्या पाठोपाठ दुसराही थोडा ओढला जाऊ शकतो, म्हणून पुढे त्याला अडवायची सोय लागते. लहान प्रिंटरमध्ये हे काम रबराची किंवा कॉर्कसारख्या पदार्थाची बोटभर पट्टी करते, तिला सेपरेशन पॅड म्हणतात. मोठ्या मशीनमध्ये कागद पुढे नेणाऱ्या फीड रोलरच्या खाली आणखी एक रोलर असतो आणि तो उलटा फिरू पाहतो. वरून एकच कागद आला तर फीड रोलरची ओढ भारी पडते आणि खालचा रोलर मुकाट्याने सुलट फिरतो. दोन कागद आले तर ते एकमेकांवर घसरतात, खालच्या रोलरला वाव मिळतो आणि तो खालचा कागद मागे ढकलतो. किती ओढीपर्यंत उलटं राहायचं आणि कधी नमायचं, हे त्याच्या दांड्यावरचा टॉर्क लिमिटर नावाचा छोटा भाग ठरवतो.

थोडक्यात, सगळा मामला घर्षणाचा आहे. रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सगळ्यात जास्त हवं, पॅड आणि कागद यांच्यातलं त्याहून कमी, आणि कागद-कागदातलं सगळ्यात कमी. हा क्रम टिकला की मशीन वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. रोलर गुळगुळीत झाला की कागद उचललाच जात नाही. पॅड झिजला की दोन-दोन कागद येतात. कागद दमट झाला की कागद-कागदातली पकड वाढते आणि तेव्हाही दोन-दोनच येतात. या शेवटच्या दोन कारणांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. नवा पॅड बसवूनही आठवड्याभरात तीच रडकथा सुरू होते ती म्हणून. पॅडचे पैसे गेले, आणि दोष होता रिममध्ये.

मशीनला कागद दिसत नाही

मिनिटाला ३० प्रती काढणाऱ्या मशीनमध्ये एका कागदाच्या वाट्याला २ सेकंद येतात. उभ्या ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर, मागच्या-पुढच्या कागदात काही सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे कागद सेकंदाला साधारण १७-१८ सेंटिमीटर वेगाने धावतो. या वाटेवर ठिकठिकाणी सेन्सर असतात. पुष्कळ सेन्सर म्हणजे प्लास्टिकची एक हलकी दांडी. कागद आला की ती कलते, गेला की परत उभी राहते, आणि तिच्या दुसऱ्या टोकामुळे एक बारीक प्रकाशकिरण अडतो किंवा सुटतो. दांडी कधी कलली आणि कधी उठली, एवढंच मशीनला कळतं. कलायला उशीर झाला तरी ‘पेपर जॅम’, वेळेत उठली नाही तरी ‘पेपर जॅम’. प्रत्यक्षात कागद कुठे चुरगळलेला असेलच असं नाही.

दार उघडल्यावर कागद सरळ, स्वच्छ, एकही घडी न पडलेला मिळाला, तर तो अडकलेला नव्हता, त्याला उशीर झाला होता. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर रोलर घसरतोय असं धरून चाला. उलट कागद पंख्यासारखा दुमडलेला मिळाला तर त्याच्या पुढच्या टोकाला कुठेतरी अडथळा आहे.

मापाचा घोळ याच हिशोबातून होतो. आपल्याकडे ‘लीगल’ म्हणून मिळणाऱ्या रिमवर बहुधा २१५ बाय ३४५ मिलिमीटर असं माप असतं. अमेरिकन लीगल २१६ बाय ३५६. मशीनमध्ये नुसतं ‘लीगल’ निवडलं की ते ३५६ धरून बसतं आणि कागद ११ मिलिमीटर आधीच संपतो. काही मशीन हे चालवून घेतात, काही अडून बसतात. ट्रे ए-फोरवर लावलेला आणि आत लीगल कागद असेल तर दांडी ठरल्या वेळी उठतच नाही. रोलर, पॅड, कागद सगळं ठणठणीत असताना एकाच मापाचा कागद रोज अडत असेल, तर आधी ट्रेचं सेटिंग बघा आणि ‘एफएस’ (फुलस्केप) किंवा ‘कस्टम’ निवडून प्रत्यक्ष माप भरा.

पावसाळ्यात रिमचं काय होतं

कागद म्हणजे लाकडाचे तंतू, आणि हे तंतू हवेतली वाफ शोषतात. तंतू लांबीपेक्षा आडवे जास्त फुगतात. उघड्या रिमच्या कडा आधी ओल पकडतात, मधला भाग मागे राहतो, आणि कडांना लाटा येतात. लाट आलेली कड रोलरखाली सपाट बसत नाही. शिवाय दमट कागद लुळा पडतो. कोरड्या कागदाचं टोक धरून हलवलं तर तो खडखडतो. दमट कागद आवाजच करत नाही. मेकॅनिक कागद हातात घेऊन हलवतो तो हेच ऐकायला.

यात पाणी किती असतं त्याचा अंदाज घेऊ. ए-फोर कागद एका चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतो. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, एक कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांची रिम अडीच किलोची. चांगल्या कोरड्या रिममध्ये साधारण ५ टक्के ओल असते, म्हणजे १२५ ग्रॅम पाणी. उघड्यावर राहून ती ८ टक्क्यांवर गेली तर आणखी ८० ग्रॅमच्या आसपास पाणी आत शिरलं. जवळजवळ अर्धा कप! ट्रेमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकणारे पुष्कळ भेटतात. पाच ग्रॅमची पुडी जेमतेम दीड ग्रॅम पाणी शोषणार. तिने मनाचं समाधान होतं, कागद कोरडा होत नाही.

हे पाणी पुढे फ्यूजरमध्ये बाहेर पडतं. पावडर कागदावर पक्की बसवणारा हा तापलेला रोलर साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत जातो. पावसाळ्यात बाहेरच्या ट्रेपाशी धुरासारखं काही दिसून लोक घाबरतात. जळका वास नसेल तर ती वाफ आहे. ओल अशी झटक्यात निघाली की कागदाला बाक येतो, आणि पाठपोट छपाईत हाच बाकदार कागद दुसऱ्या फेरीला अडतो. एका बाजूच्या प्रती सुरळीत आणि पाठपोट काढताना अडचण, असा प्रकार असेल तर ट्रेमधली चळत उलटी करून बघा. बाकाची दिशा बदलते आणि कित्येकदा तेवढ्यावर भागतं. रिमच्या वेष्टनावर बाण असेल तर तो कागदाची आधी छापायची बाजू दाखवतो. वेष्टन टराटरा फाडून टाकण्याआधी तो बघून घ्यावा.

अक्षरं फिकट येणं, मध्येच पांढरे डाग पडणं हेही दमट कागदाचंच लक्षण असू शकतं. ओल्या कागदावर विद्युतभार टिकत नाही आणि पावडर नीट उतरत नाही. अशा वेळी दुकानदार नवं टोनर कार्ट्रिज घालतो आणि फरक शून्य.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात आपली दुकानं आणि जुनी ऑफिसं चिऱ्याची. चिरा सच्छिद्र, भिंत ओल धरते. रिमचे गठ्ठे याच भिंतीला टेकवून, थेट लादीवर ठेवलेले असतात. ते जमिनीपासून वीतभर वर, फळीवर आणि भिंतीपासून सुटे ठेवा. वेष्टनाला आतून ओल रोखणारा थर असतो, म्हणून रिम लागेल तेव्हाच फोडा. उरलेला कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात जाऊ द्या. ट्रेमध्ये दिवसभराला पुरेल इतकाच भरा. चवथीला दुकान चार-पाच दिवस बंद राहणार असेल तर ट्रे रिकामा करूनच गावी जा.

एसीच्या ऑफिसात वेगळीच गंमत होते. रात्री एसी बंद, सकाळी खिडक्या सताड उघड्या, आणि लादीवर ओला पोछा. गारव्यात राहिलेल्या कागदावर आणि रोलरवर बाहेरची दमट हवा येऊन बसते. पहिल्या वीसेक प्रती अडतात, अकरा वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि मेकॅनिक दुपारी येतो तेव्हा मशीन शहाण्यासारखं चालतं. इथे मशीन उघडायची गरज नाही. पोछा आणि खिडक्या यांची वेळ बदला आणि एसी काही वेळ ‘ड्राय’ मोडवर चालवा.

मोठ्या मशीनमध्ये ट्रेखाली ओल घालवणारा हीटर असतो किंवा बसवून घेता येतो. मशीन बंद असतानाही तो चालू राहू शकतो, पण त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू हवं. गोव्यात वीज पडण्याच्या भीतीने सगळे संध्याकाळी मुख्य बटणच बंद करतात, आणि ज्या रात्रींसाठी हीटर घेतला त्याच रात्री तो थंड पडून राहतो. माझं मत विचाराल तर मे आणि ऑक्टोबरमध्ये, गडगडाटाच्या दिवसांत, पिन काढून ठेवणंच शहाणपणाचं. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गडगडाट तुलनेने कमी असतो. तेव्हा बटण चालू राहू द्यावं.

दोष कुठे आहे ते पकडायची युक्ती

पहिली पायरी म्हणजे नवी कोरडी रिम. ती फोडा, चारी बाजूंनी फडफडवा, म्हणजे कापताना कडेला चिकटलेले कागद सुटतील, आणि पंचवीस-तीस प्रती काढा. अडचण गेली तर शोध संपला.

गेली नाही तर ट्रे बदलून बघा. बहुतेक ऑफिस मशीनना बाजूला बायपास ट्रे असतो. तिथून कागद नीट जात असेल तर पुढची वाट साफ आहे आणि दोष पहिल्या ट्रेच्या रोलरमध्ये किंवा पॅडमध्ये. दोन्हीकडून आलेला कागद एकाच जागी थांबत असेल तर ट्रेला दोष देऊ नका. अडथळा पुढे आहे. काही मशीनमध्ये दोन ट्रेंचे रोलर अगदी सारखे असतात. ते आपसांत बदलले आणि दोष रोलरबरोबर दुसऱ्या ट्रेत गेला, तर नवा रोलर मागवायला हरकत नाही.

कागद तिरका जात असेल तर ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या बघा. त्या कागदाला नुसत्या टेकलेल्या असाव्यात. सैल राहिल्या तर कागद तिरका, आवळल्या तर मध्ये फुगतो. आणि ट्रेवरच्या कमाल रेषेच्या वर कागद कोंबू नये, हे सांगावं लागतं कारण सगळेच कोंबतात.

मशीन ‘अडकला’ म्हणतं आणि आत कागदाचा मागमूस नाही, असंही होतं. तेव्हा एखादी सेन्सरची दांडी अडकलेली असते. बहुधा मागच्या वेळी फाडून काढलेल्या कागदाचा नखाएवढा तुकडा तिच्याखाली असतो. मोबाईलच्या टॉर्चने शोधा, दांडी बोटाने हलकेच कलवून ती आपोआप परत येते का बघा. आपल्याकडे या यादीत झुरळं, मुंग्या आणि पालही धरावी लागते. पावसात त्यांनाही उबदार कोरडी जागा हवी असते आणि मशीनइतकी चांगली जागा ऑफिसात दुसरी नाही.

लहान लेझर प्रिंटरचा एक दोष ओळखायला अवघड जातो. पिकअप रोलरला एक फेरी फिरायला मोकळं सोडणारा सोलेनॉइड नावाचा विद्युतचुंबक असतो आणि त्याच्या पत्र्याखाली फोमचा इवलासा तुकडा. उष्ण-दमट हवेत काही वर्षांत हा फोम चिकट होतो. पत्रा वेळेवर सुटत नाही, कागद उशिरा किंवा नको तेव्हा उचलला जातो. रोलर नवा, पॅड नवा, रिम कोरडी, तरी तक्रार कायम असेल तर मेकॅनिकला सोलेनॉइड बघायला सांगा. काम किरकोळ आहे, फक्त सुचायला हवं.

कागद काढताना

आधी मशीन बंद करा. फ्यूजरच्या जवळ हात घालायचा असेल तर ते निवेपर्यंत थांबा, भाजतं. कागद दोन्ही हातांनी, सरळ, आणि शक्यतो ज्या दिशेने तो चालला होता त्याच दिशेने ओढा. कित्येक रोलर एकाच बाजूला फिरतात. उलटं ओढलं की कागद फाटतो किंवा दात्यांवर ताण येतो. कागद सैल करण्यासाठी आत रंगीत खटके आणि फिरकी असते, ती वापरा. सुरी, पट्टी, हेअरपिन यातलं काहीही आत घालू नका. ज्यावर आधी प्रतिमा उमटते त्या चकचकीत ड्रमवर एक ओरखडा पडला तर तो पुढच्या प्रत्येक प्रतीवर उमटतो. फाटलाच कागद, तर तुकडे टेबलावर जुळवून पूर्ण पान होतंय का ते बघा. एखादा कोपरा कमी असेल तर तो आत आहे आणि उद्या त्रास देणार आहे. कपड्यांवर पावडर सांडली तर झटका आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती पक्की बसते.

वरच्या फीडरमध्ये, म्हणजे मूळ कागद आपोआप ओढून घेणाऱ्या भागात, घर्षणाचं हेच गणित चालतं, पण तिथे कागद आपला नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. पोर्तुगीज काळातले घरा-जमिनीचे कागद, गंजलेल्या टाचण्यांची भोकं पडलेले, घड्यांवर विरलेले, त्यात कधीही घालू नयेत. ते काचेवर ठेवून एकेक काढावेत. नुकताच कोर्ट फी स्टँप डकवलेला अर्ज, ओला व्हाइटनर, सेलोटेप लावलेलं पान यांचंही तेच. डिंक रोलरला लागला की पुढचे दोन-तीनशे कागद त्याची किंमत मोजतात. आणि स्टेपलची पिन काढली म्हणून थांबू नका, तिच्या भोकाच्या कडा दाबून सपाट करा. दोन पानं त्या कडांनीच एकमेकांत अडकतात.

रोलर पुसणं आणि बदलणं

रोलर पुसायला धागे न सुटणारं फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या, रोलर फिरवत पुसा आणि सुकू द्या. कागदाची पांढरी भुकटी निघते. ती निघाली की रबराची पकड परत येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल काही रबरांना चालतं, काहींना कोरडं पाडून तडे देतं, म्हणून मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच ते वापरा. पेट्रोल आणि थिनर नकोच. गंज सोडवणारा स्प्रे तर अजिबात नको, तो तेलकट असतो आणि पकड पार घालवतो. काही जण रोलरवर पॉलिश पेपर घासतात. दोन दिवस छान चालतं, मग रबराचं माप घटलेलं असल्यामुळे कागद कायमचाच उशिरा पोहोचू लागतो.

पुसूनही रबर काचेसारखं चमकत असेल, नख दाबल्यावर दबत नसेल किंवा हाताला चिकट लागत असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. पिकअप, फीड आणि खालचा रोलर किंवा पॅड हे सगळे एकाच वेळी बदला. एकच बदलला तर नव्या-जुन्याच्या पकडीत फरक पडतो आणि घर्षणाचा क्रम पुन्हा बिघडतो. बदलल्यावर मेकॅनिककडून त्या भागाचा प्रती मोजणारा काउंटर शून्यावर आणून घ्या, नाहीतर मशीन जुनाच आकडा धरून रोलर संपल्याची सूचना देत राहील.

फोन करायची वेळ आलीच तर ‘कागद अडकतोय’ एवढंच सांगू नका. पडद्यावरचा कोड, कोणत्या ट्रेतून, कोणत्या मापाचा, एका बाजूला की पाठपोट, कागद सरळ मिळतो की दुमडलेला, सकाळीच की दिवसभर, आणि काउंटरवर किती प्रती झाल्या आहेत, हे लिहून ठेवा आणि फोनवर वाचून दाखवा. रोलर लागणार असेल तर मेकॅनिक तो पहिल्याच फेरीत बरोबर घेऊन येईल.